मागचं हिरवं

दादा,

आपल्या त्या लाकडी रिंगचा स्क्रू आत्ता कुठे फिरला. गंजला होता. खोबरेल तेलाचा थेंब सोडून ठेवला, पक्कड लावली, तेव्हा सैल झाला. आतलं कापड झटकलं, पाण्यातून काढलं आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकलं. वाळलं की पुन्हा ताणून बसवायचं आहे. उद्या सकाळी मला ते लागणार आहे.

उद्या तुझं छायाचित्र मंडळ तुझ्या फोटोंचं प्रदर्शन भरवतंय. राजारामपुरीतल्या त्याच हॉलमध्ये. तुला जाऊन सहा महिने होत आलेत. तुला विचारायची सोय आता नाही, आणि असती तरी मी विचारलं नसतं. कळवते आहे.

पंधरा दिवसांपूर्वी सबनीस सर घरी आले होते. मंडळातर्फे फोटो निवडायला. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत, तरी खाली बसले. तुझ्या ट्रंकेतले मोठे प्रिंट जमिनीवर मांडून एकेक पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. मग कंदीलपुष्पाचा प्रिंट हातात आला. तो त्यांनी पालथा केला आणि बाजूला ठेवला.

"हा नको, नंदा," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं लोकांनी बघावं. आम्ही ते कधीच मनातून काढून टाकलंय."

म्हणजे त्यांनी तुला माफ केलंय, दादा. जे तू केलंच नाहीस त्याबद्दल.

मी चहा ठेवायला आत गेले. तूही हेच केलं असतंस ना? गप्प राहून चहा? गॅससमोर उभी राहिले आणि आधी मला माझा राग आला, मग तुझा. तुझा अजून गेलेला नाही.

तुला सगळं माहीत आहे. तरी पुन्हा पहिल्यापासून लिहिते. उद्या हॉलमध्ये मला हेच बोलायचं आहे आणि तिथे जीभ अडखळून चालणार नाही.

तुझा कॅमेरा सेकंडहँड होता. लेन्सच्या मागे नळ्या जोडून तू फुलाच्या अगदी जवळ जायचास. इतक्या जवळून सगळं फूल स्पष्ट यायचं तर लेन्सचं छिद्र बारीक ठेवावं लागे, आणि छिद्र बारीक केलं की मागचंही दिसायला लागे. काटक्या, वाळकी पानं, कुणी टाकलेली गुटख्याची पुडी. फ्लॅश मारला तर मागे नुसता काळोख. मंडळातल्या बाकीच्यांकडे महागाच्या लेन्स होत्या. त्यांच्या फोटोत मागचं आपोआप विरघळायचं. तुझ्या फोटोत विरघळायचं नाही.

तेव्हा तू माझ्याकडे आलास. मी नुकती शाळेत चित्रकला शिकवायला लागले होते. मला हिरवं पायजे, म्हणालास. कसलं हिरवं, मी विचारलं.

"कसलंच न्हाय असलं हिरवं."

तुझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात चांगलं वाक्य ते. मला लगेच कळलं. आईची एक विरलेली सुती साडी फाडली, तुकडा ओला केला आणि ओल्यावरच रंग सोडले. दोन-तीन हिरवे, कोपऱ्यात थोडा पिवळा, खाली मातकट. ओल्या कापडात रंगाला कड राहत नाही. कड राहिली की डोळा तिथे जातो आणि फुलाचं काम संपतं. पहिली चार-पाच कापडं फुकट गेली. साडी संपली तेव्हा आईने दुसरी दिली, कुरकुर करत.

स्टँड तू केलास. तो तुझा होता, ते मी नाकारत नाही. घडीच्या छत्रीचा दांडा, म्हणजे उंची कमीजास्त करता येते. त्याच्या टोकाला स्कूटरच्या आरशाचा सांधा, म्हणजे हवं तसं कलतं करता येतं. सांध्याला भरतकामाची मोठी लाकडी रिंग, आणि रिंगमध्ये ताणलेलं माझं कापड. कातळावर दांडा रोवता येत नाही, म्हणून खाली तेलाचा रिकामा डबा आणि त्यात तिथलेच दगड. रिंग वर कलली की आभाळाचा उजेड घेऊन हिरवं पोपटी व्हायचं. खाली कलली की काळपट. फार पुढे आणली तर फुलाची सावली कापडावर पडून सगळं उघडं पडायचं, फार मागे नेली तर रिंगची कड फोटोत यायची. मधली जागा मी शोधायचे. तू कॅमेऱ्याला डोळा लावून "आनि थोडं, आनि थोडं, बास" एवढंच म्हणायचास.

फूल तोडायचं नाही, ही तुझी अट होती. शेजारचं गवतसुद्धा उपटायचं नाही. बाकीचे जागा साफ करून घ्यायचे, तू कधीच नाही. गवत आडवं येत असेल तर दोऱ्याने बाजूला बांधायचास आणि निघताना सोडायचास. हे उद्या मी सगळ्यात आधी सांगणार आहे.

पण लपवाछपवी पहिल्या दिवसापासूनच होती, नाही का? राधानगरीच्या एस.टी.त कंडक्टरने रिंग बघितली आणि विचारलं, "पावणं, एवढी मोठी चाळण कुणाच्या घरला?" तू म्हणालास, पीठ चाळायला. "राधानगरीला पीठ चाळायला चाललाय व्हय? कोल्हापुरात पीठ मिळत न्हाय?" सगळी गाडी हसली. मीही हसले. त्याला खरं सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? तो काही तुझ्या मंडळात नव्हता.

मग मंडळातला तो रविवार. तू पहिल्यांदा स्लाइड दाखवल्यास. मी बाजूच्या खुर्चीवर होते. मंडळाचे घाटगे म्हणाले, विजयराव, मागचं काय मऊ आलंय हो, कसं जमवलंत? तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता सांगतोस.

"सकाळचं धुकं हुतं," तू म्हणालास.

धुक्याला श्रेय दिलंस, दादा. सख्खी बहीण हातभर अंतरावर बसली होती, तिच्या नखांत हिरवा रंग होता, आणि तू धुक्याला श्रेय दिलंस.

एकदा एका फ्रेममध्ये माझं बोट आलं. रिंग धरलेलं, अर्धवट, कोपऱ्यात. मला तो फोटो आवडला होता. ठेव म्हणाले मी. तू निगेटिव्हमधून तेवढा चौकोन कात्रीने कापलास आणि चुलीत टाकलास. आठवतं का? मला वास आठवतो.

ज्या वर्षी कंदीलपुष्प मिळालं त्या वर्षी जंगलात पाऊस थांबेना. आपण झाडाखाली तासभर भिजलो आणि मग वर सड्यावर गेलो, काही मिळालं तर मिळालं म्हणून. पिशवीत होती ती सगळी कापडं जंगलाची. सड्यासाठी मी कधी कापड रंगवलंच नव्हतं. सडा म्हणजे सपाट कातळ, वर बोटभर गवत, बाकी वारा. तिथे जमिनीला डोळा लावला की फुलाच्या मागे आभाळ येतं. त्याला कापड कशाला लागतं?

ते एकटंच उभं होतं. वितीएवढं. हिरवट देठावर लहानसा जांभळट कंदील. मंडळातल्या कुणालाच ते तोवर दिसलं नव्हतं. तू गुडघ्यावर बसलास आणि बराच वेळ कॅमेरा बाहेर काढलाच नाहीस. तेवढा वेळ तू मला आवडला होतास.

मग कॅमेरा काढलास. मागे पांढरं आभाळ, पुढे फूल काळवंडलेलं. हिरवं लाव, म्हणालास. मी म्हटलं, इथे असलं हिरवं नसतं. हे झाडाखालचं हिरवं आहे, इथे झाड कुठाय? थांबूया, ऊन पडलं की आभाळ निळं होईल.

"कुणाला कळतंय? लाव की."

मी लावलं. वारा फूल हलवत होता म्हणून वाऱ्याला पाठ करून, ओढणी दोन्ही हातांनी ताणून बसले. तू क्लिक केलंस. फूल हललं नाही.

त्या फोटोला मंडळाचं पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसाच्या दिवशी सबनीस सर आले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून नुकते निवृत्त झालेले. हॉलमधल्या सगळ्या फोटोंसमोरून चालत गेले आणि तुझ्या फोटोपाशी थांबले. कुठे मिळालं, त्यांनी विचारलं. तू सड्याचं नाव सांगितलंस, छाती काढून.

ते म्हणाले, सड्यावर एवढ्याशा फुलाच्या मागे आभाळ येतं. हे दाट झाडीतलं हिरवं आहे, आणि हे फूल झाडीत उगवत नाही. सड्यावरच्या वाऱ्यात ते इतकं स्थिरही राहत नाही. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "उपटून आणून कुंडीत लावलं होतंस का, विजय?"

त्यांचं चुकलं कुठे? फूल सड्यावरचं, हिरवं सड्यावरचं नाही, म्हणजे फूल जागेवरून हललं. हिरवं हललं असेल हे त्यांच्या मनात यायचं काही कारण नव्हतं. ते फक्त तुला आणि मला माहीत होतं. मी तुझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. सर, मागे कापड आहे. बस.

"चूक झाली, सर," तू म्हणालास.

हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही. ओरडायला हवं होतं. घाटग्यांनी फोटो खाली उतरवला, कागदात गुंडाळला आणि तुझ्या हातात दिला. दुर्मीळ फूल मुळासकट उपटणारा माणूस म्हणून तू त्या जिन्यावरून खाली उतरलास, आणि मी तुझ्या मागून.

कोपऱ्यावरच्या रिक्षास्टँडपाशी मी तुला थांबवलं. म्हटलं, तू इथेच उभा राहा, मी घरी जाऊन रिंग घेऊन येते, वर जाऊन लावून दाखवू. तू माझं मनगट धरलंस.

"तोंड उघडायचं न्हाय, नंदे."

मी म्हटलं, मागच्याच महिन्यात घाटग्यांनी थर्माकोलला चांदीचा कागद लावून आणला होता, उजेड परतवायला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूसुद्धा.

"घाटग्यानं केलं तर ती युक्ती. आपण केली की लबाडी."

आपण म्हणजे कोण, ते तुला सांगावं लागलं नाही. आपल्या वस्तीतून त्या मंडळात गेलेला तू एकटा होतास. पहिल्या वर्षी तुला कुणी काही बोललं नव्हतं आणि तू त्याचीच वाट बघत होतास. दरवेळी इस्त्रीचा शर्ट. दरवेळी दहा मिनिटं आधी.

"आणि चोरी केलेली चालते?" मी विचारलं.

"चोराला माफी मिळती. लबाडाचं मागचं सगळं बाद धरत्यात."

याचं उत्तर मला आज सुचतंय. लबाड म्हणवून घ्यायला लागू नये म्हणून तू चोर म्हणवून घेतलंस. हा सौदा तू एकट्याने केलास. फोटो तुझे होते, पण त्यांच्यातलं हिरवं तुझं नव्हतं. माझं हिरवं तू मला न विचारता गाडून टाकलंस.

घरी आईला हे कुणीतरी सांगितलं. तिला ते अजूनही कळलेलं नाही. रोज सकाळी अंगणातली जास्वंद तोडून बुद्धाच्या फोटोपुढे ठेवणारी बाई. "एक फूल तोडलं म्हणून एवढं?" तिने विचारलं. "मग मला तर फाशीच द्याला पायजे." तू जेवता जेवता हसलास. मी हसले नाही.

आणि तू मंडळ सोडलंही नाहीस. हे मला कधी समजणार नाही. दर रविवारी जात राहिलास. शेवटच्या खुर्चीवर बसायचास. प्रदर्शनात दुसऱ्यांचे फोटो भिंतीवर लावायचं काम तुला दिलं, ते तू वर्षानुवर्षं केलंस, दोऱ्या समान, खिळे सरळ. विजयच्या हातात सफाई आहे, असं म्हणायचे. सड्यावर मात्र पुन्हा गेला नाहीस. जंगलात जायचंही कमी झालं. सराफांच्या दुकानांसाठी दागिन्यांचे फोटो काढायला लागलास. साज, ठुशी, बुगड्या. मी काळ्या मखमलीचे तुकडे कापून दिले. सोन्याच्या मागे काय आहे हे कुणी विचारत नाही, म्हणून तुला ते बरं वाटत असणार.

पुढे डिजिटल कॅमेरे आले. मंडळातली पोरं कॉम्प्युटरवर मागचं सगळं पुसून हवं ते हिरवं भरायला लागली आणि तसं उघड सांगायला लागली. तेव्हा तरी बोलायचंस. तेव्हा तर कुणाला काही वाटलंही नसतं. मी एकदा तसं म्हटलंही. तू पेपर वाचत होतास. पान उलटलंस.

दवाखान्यातली ती दुपार राहिलीच. काविळीने तुझे डोळे पिवळे झाले होते. सबनीस सर शहाळं घेऊन आले. तुझ्या कॉटवर बसले, तुझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "झालं गेलं विसरून जा विजय. मनाला लावून घेऊ नकोस."

तू दोन्ही हात जोडलेस. सलाइनची नळी ताणली गेली तरी जोडलेस.

मी शेजारी थर्मास धरून उभी होते. तुला मी दिसत होते. ते गेल्यावर तू माझ्याकडे वळून म्हणालास, "बघितलंस? मोठा माणूस हाय."

तुझ्याशी भांडायची ती वेळ नव्हती. पुढे दुसरी आलीच नाही. हा माझ्यावर केलेला तुझा शेवटचा अन्याय.

सर वाईट नाहीत, हे मला मान्य आहे. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आले, चटईवर बसले, आईशी नीट बोलले. घाटगेही आले होते. कुणीच वाईट नाही. तू त्यांना एक संधी द्यायला हवी होतीस. कदाचित ते तू म्हणालास तसेच वागले असते. कदाचित नसतेही. ते कळायचा रस्ता तू बंद केलास आणि मला बंद दारासमोर उभं करून ठेवलंस. एवढी भीती होती तर गेलासच कशाला त्यांच्यात? आणि गेलास तर इतकी वर्षं एकटा का बसलास तिथे? मला शेजारी बसवून एकटा?

कापड वाळत आलंय. वाळताना त्याचा रंग उतरतो, पण तो पोत अजून आहे तसाच आहे. चांगलं काम होतं ते, दादा. तू एकदाही म्हणाला नाहीस, म्हणून मीच म्हणते.

आता ऐक. उद्या मी कंदीलपुष्पाचा फोटो हॉलमध्ये लावणार आहे. तू फूल तोडलं नाहीस, हे सांगणार आहे. मागे कापड होतं, ते मी रंगवलं, हेही सांगणार आहे. आणि तू खोटं बोललास, हेही. यातलं एकच सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तशी सोय तू ठेवलेली नाहीस. तू म्हणाला होतास तसं त्यांनी तुझं मागचं सगळं बाद धरलं, तरी मी सांगणार. ते मागचं अर्धं माझं आहे. तुझं तोंड तू मिटलंस. माझं मी उघडेन, हा शब्द देते, आणि तो रिक्षास्टँडवरच्या गप्प राहण्याच्या शब्दासारखा माझ्याकडून काढून घेतलेला नाही.

तुझी,
नंदा

दुसऱ्या दिवशी, रात्री.

दहाला हॉल उघडला. फोटो दाराजवळच्या मोकळ्या खिळ्याला लावला आणि त्याच्याखाली टेबलावर डबा, दांडा, रिंग उभी केली. वर लिहिलंय ते बोलले. सबनीस सर खुर्चीवर बसले. "म्हणजे त्याने तोडलं नव्हतं," असं दोनदा म्हणाले आणि चष्मा काढून हातात धरला. घाटग्यांनी विचारलं, मग बाकीच्या फोटोंत मागे काय आहे? मी म्हटलं, सगळ्यांत मी रंगवलेलं कापड आहे. लोक उठले आणि भिंतीच्या कडेने फिरू लागले. एकेका फोटोपाशी थांबून, वाकून, ते मागचं बघत होते. हॉल बंद होईपर्यंत फूल कुणी बघितलं नाही.